रेषीय असमानता सोडवण्याचा सराव : चिन्ह, सीमाबिंदू आणि पडताळा

रेषीय असमानता हा शाळेच्या बीजगणितातला विषय. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. बरेच विद्यार्थी ते प्रकरण एका ओळीत लक्षात ठेवतात: सगळे समीकरणासारखेच करायचे, फक्त ऋण संख्येने भागले की चिन्ह उलटायचे. ही ओळ चुकीची नाही. पण पदवीच्या वर्गात लिनिअर प्रोग्रॅमिंग, विद्युत मंडलातील मर्यादा, यंत्रभागांची सहनमर्यादा असे विषय येतात, तेव्हा ती पुरत नाही. तिथे गुण जातात ते नव्या सिद्धांतामुळे कमी आणि या जुन्या चिन्हामुळे जास्त.

या पाठात आपण असमानता सोडवण्याचा सराव करू, आणि प्रत्येक उत्तराचा पडताळा कसा घ्यायचा ते पाहू. भर पडताळ्यावर आहे, कारण इथली चूक सहज दिसत नाही.

(काही मराठी पुस्तकांत 'असमता' किंवा 'असमीकरण' असे शब्द आढळतील, हिंदी पुस्तकांत 'असमिका'. अर्थ एकच.)

१. उत्तर म्हणजे काय?

३क्ष + ५ = १७ या समीकरणाचे उत्तर क्ष = ४ ही एक संख्या आहे. ती मूळ समीकरणात ठेवली की दोन्ही बाजू जुळतात आणि काम संपते.

आता ३क्ष + ५ < १७ पाहा. इथे क्ष = १ चालतो, क्ष = ० चालतो, क्ष = −१०० चालतो, क्ष = ३.९९ सुद्धा चालतो. उत्तर आहे क्ष < ४, म्हणजे संख्यारेषेवर ४ च्या डावीकडचा सगळा भाग. या सगळ्या संख्यांच्या समूहाला उकलसंच म्हणतात. ज्या ठिकाणी हा भाग संपतो, त्या ४ ला आपण सीमाबिंदू म्हणू.

संख्यारेषेवर दाखवताना सीमाबिंदू उत्तरात नसेल (< किंवा >) तर पोकळ वर्तुळ काढतात, उत्तरात असेल (≤ किंवा ≥) तर भरीव. '=' हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापील पुस्तकात वापरले. '<' आणि '>' ही चिन्हे छापील रूपात आली ती १६३१ साली, थॉमस हॅरियटच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. चिन्हाचा उघडा भाग नेहमी मोठ्या संख्येकडे असतो, एवढे लक्षात ठेवले की वाचताना गोंधळ होत नाही.

म्हणजे असमानतेच्या उत्तरात दोन गोष्टी असतात: सीमाबिंदू कोणता, आणि त्याच्या कोणत्या बाजूचा भाग घ्यायचा. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

२. चिन्ह का उलटते?

असमानतेच्या दोन्ही बाजूंवर आपण तीन प्रकारच्या क्रिया करतो.

(अ) समान संख्या मिळवणे किंवा वजा करणे. २ < ५ च्या दोन्ही बाजूंत १० मिळवले तर १२ < १५. दोन्ही संख्या संख्यारेषेवर सारख्याच सरकल्या, त्यांचा क्रम तोच राहिला. चिन्ह तसेच.

(आ) धन संख्येने गुणणे किंवा भागणे. २ < ५ ला ३ ने गुणले तर ६ < १५. अंतर वाढले, क्रम तोच. चिन्ह तसेच.

(इ) ऋण संख्येने गुणणे किंवा भागणे. २ < ५ ला −१ ने गुणले तर −२ आणि −५ मिळतात, आणि −२ > −५. क्रम उलटला. दोन रुपये जवळ असणाऱ्यापेक्षा पाच रुपये असणारा वरचढ. पण तेच रुपये उधारीचे असतील, तर पाच रुपये देणे असणारा मागे पडतो.

याची सिद्धता दोन ओळींची आहे. अ < ब याचा अर्थ (ब − अ) ही धन संख्या आहे. आता (−अ) − (−ब) = ब − अ, म्हणजे हीही धन संख्याच. म्हणून −अ > −ब. इतर कोणत्याही ऋण संख्येने गुणणे म्हणजे आधी धन संख्येने गुणणे आणि मग −१ ने गुणणे, त्यामुळे नियम सर्व ऋण संख्यांना लागू होतो.

इथे एक गैरसमज दूर करू. चिन्ह उलटते ते ऋण संख्येने गुणल्यामुळे किंवा भागल्यामुळे. समोर ऋण संख्या दिसली म्हणून उलटत नाही. ४क्ष < −१२ मध्ये आपण +४ ने भागतो, म्हणून क्ष < −३. उजवीकडच्या उणे चिन्हाचा इथे काही संबंध नाही.

३. पहिले उदाहरण आणि तीन ठिकाणचा पडताळा

उदाहरण १. −३क्ष + ५ < १७ सोडवा.

दोन्ही बाजूंतून ५ वजा करू: −३क्ष < १२.
−३ ने भागू, चिन्ह उलटेल: क्ष > −४.

समजा, एखादा विद्यार्थी चिन्ह उलटायला विसरला आणि त्याने क्ष < −४ लिहिले. सीमाबिंदू −४ दोघांचाही तोच आहे. −४ मूळ असमानतेत ठेवला तर डावी बाजू १२ + ५ = १७ येते, म्हणजे सीमा बरोबर आहे. समीकरणाच्या सवयीने एवढेच तपासले तर चुकीचे उत्तरही बरोबर वाटेल. प्रत्यक्षात मात्र त्याने उकलसंचाची संपूर्ण विरुद्ध बाजू निवडलेली असते.

म्हणून पडताळा तीन ठिकाणी घ्या:

• सीमाबिंदूवर: क्ष = −४ ठेवल्यास १७ = १७. सीमा बरोबर.
• उत्तरातल्या एका संख्येवर: क्ष = ० ठेवल्यास ५ < १७. सत्य, असायलाच हवे.
• उत्तराबाहेरच्या एका संख्येवर: क्ष = −५ ठेवल्यास १५ + ५ = २०, आणि २० < १७ असत्य. तेही असायलाच हवे.

पहिला पडताळा आकडेमोडीतली चूक पकडतो, पुढचे दोन चिन्हाची. शून्य हा सीमाबिंदू नसेल तर तपासायला शून्यच घ्या. आकडेमोड जवळजवळ राहत नाही.

हेच उदाहरण ऋण भागाकार टाळूनही सोडवता येते. −३क्ष उजवीकडे नेऊ आणि १७ डावीकडे: ५ − १७ < ३क्ष, म्हणजे −१२ < ३क्ष, म्हणजे −४ < क्ष. उत्तर तेच. चलाचा सहगुणक धन राहील अशा बाजूला पद न्यायची सवय लावली, तर चिन्ह उलटण्याची वेळ कमी येते.

४. अपूर्णांक आणि कंस

उदाहरण २. (२क्ष − ३)/४ − (क्ष − ५)/६ ≥ १ सोडवा.

४ आणि ६ यांचा लसावि १२. तो धन आहे, म्हणून चिन्ह तसेच ठेवून प्रत्येक पदाला १२ ने गुणू:

३(२क्ष − ३) − २(क्ष − ५) ≥ १२
६क्ष − ९ − २क्ष + १० ≥ १२
४क्ष + १ ≥ १२
क्ष ≥ ११/४, म्हणजे क्ष ≥ २.७५

पडताळा: क्ष = २.७५ असताना पहिले पद २.५/४ = ०.६२५, दुसरे पद −२.२५/६ = −०.३७५, वजाबाकी १. सीमा बरोबर. क्ष = ५ असताना ७/४ − ० = १.७५, सत्य. क्ष = ० असताना −३/४ + ५/६ = १/१२, आणि ते १ पेक्षा कमी, म्हणून असत्य. उत्तर पक्के.

इथे नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक, उजवीकडच्या १ ला १२ ने गुणायचे राहते. दोन, −२(क्ष − ५) चा विस्तार −२क्ष − १० असा होतो. दुसरी चूक केली तर क्ष ≥ ३१/४ येते. ७.७५ मूळ असमानतेच्या डाव्या बाजूत ठेवले की सुमारे २.६७ मिळतात, १ मिळत नाही. सीमेवरच चूक उघडी पडते.

५. दुहेरी असमानता

उदाहरण ३. −७ ≤ ५ − २क्ष < ११ सोडवा.

तिन्ही भागांतून ५ वजा करू: −१२ ≤ −२क्ष < ६.
तिन्ही भागांना −२ ने भागू, दोन्ही चिन्हे उलटतील: ६ ≥ क्ष > −३.
लहान संख्या डावीकडे ठेवून लिहू: −३ < क्ष ≤ ६.

शेवटच्या ओळीत लक्ष ठेवा. सुरुवातीला बरोबरीचे चिन्ह डावीकडे होते, उत्तरात ते उजवीकडे, ६ जवळ आले. क्ष = ६ ठेवा: ५ − १२ = −७, चालते, म्हणून भरीव वर्तुळ. क्ष = −३ ठेवा: ५ + ६ = ११, आणि ११ < ११ नाही, म्हणून पोकळ वर्तुळ.

६. हजेरीचे गणित

अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. समजा, आतापर्यंत ४० तासिका झाल्या आणि तुम्ही २४ तासिकांना हजर होता. यापुढे एकही तासिका चुकवली नाही, तर किती तासिकांनंतर हजेरी ७५ टक्के होईल?

यापुढच्या तासिका क्ष मानू.

(२४ + क्ष)/(४० + क्ष) ≥ ३/४

छेदात चल आहे. पण क्ष ही तासिकांची संख्या असल्याने ४० + क्ष नेहमी धन आहे, म्हणून त्याने गुणायला हरकत नाही:

४(२४ + क्ष) ≥ ३(४० + क्ष)
९६ + ४क्ष ≥ १२० + ३क्ष
क्ष ≥ २४

सलग २४ तासिका हजर राहावे लागेल. पडताळा: ४८/६४ = ३/४. सत्रात आता फक्त २० तासिका उरल्या असतील तर क्ष ≤ २० ही दुसरी अट लागते. क्ष ≥ २४ आणि क्ष ≤ २० दोन्ही पाळणारी संख्या नाही. उकलसंच रिक्त आहे, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ सांगायला नको. हे गणित सत्राच्या शेवटी करण्यापेक्षा मध्यावर करा.

छेद धन असल्याची खात्री नसेल तर काय होते?

उदाहरण ४. ६/(क्ष − २) > ३ सोडवा. (ही असमानता काटेकोर अर्थाने रेषीय नाही, पण ती सोडवताना रेषीय असमानताच लागतात.)

घाईत ६ > ३क्ष − ६, म्हणून क्ष < ४ असे लिहिले जाते. क्ष = ० ठेवून पाहा: ६/(−२) = −३, आणि −३ > ३ असत्य. क्ष − २ हे धन की ऋण, हे न पाहता गुणल्याचा हा परिणाम. म्हणून दोन शक्यता घेऊ.

क्ष > २ असेल तर क्ष − २ धन: ६ > ३क्ष − ६, म्हणून क्ष < ४. दोन्ही मिळून २ < क्ष < ४.
क्ष < २ असेल तर क्ष − २ ऋण, चिन्ह उलटेल: ६ < ३क्ष − ६, म्हणून क्ष > ४. हे क्ष < २ शी जुळत नाही.

उत्तर: २ < क्ष < ४. इथे संख्यारेषेचे २ आणि ४ या बिंदूंनी तीन तुकडे होतात, म्हणून पडताळाही तिन्ही तुकड्यांत घ्यायचा. फक्त क्ष = ३ तपासले असते तर चुकीचे उत्तरही सुटून गेले असते.

७. पूर्णांक उत्तर: लिफ्ट

भारतातल्या अनेक लिफ्टमध्ये '८ व्यक्ती, ५४४ किलोग्रॅम' अशी पाटी असते. दर व्यक्तीमागे ६८ किलोग्रॅम धरून हा आकडा येतो. समजा, एक माणूस आणि ढकलगाडी मिळून १३० किलोग्रॅम भरतात आणि प्रत्येक खोके २४ किलोग्रॅमचे आहे. एका फेरीत किती खोकी नेता येतील?

१३० + २४न ≤ ५४४, म्हणून २४न ≤ ४१४, म्हणून न ≤ १७.२५. खोकी पूर्णच असणार, म्हणून जास्तीत जास्त १७. 'जास्तीत जास्त' विचारले असता खालचा पूर्णांक घ्यायचा, 'कमीत कमी' विचारले असता वरचा. नेहमीच्या पूर्णांकनाची सवय इथे धोक्याची: १७.७५ आले असते तरी उत्तर १७ च.

८. रोध निवडताना

५ व्होल्टच्या पुरवठ्यावर एक एलईडी जोडायचा आहे. एलईडीवर २ व्होल्ट पडतात असे धरू आणि त्यातून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ द्यायचा नाही. रोध र ओम असेल तर:

(५ − २)/र ≤ ०.०२

र धन आहे, म्हणून ३ ≤ ०.०२र, म्हणजे र ≥ १५०.

समीकरण मांडणारा इथे १५० ओमचा रोध उचलतो. पण सोनेरी पट्टा असलेल्या रोधाची सहनमर्यादा ±५ टक्के असते. छापील मूल्य म असेल तर खरे मूल्य ०.९५म इतके कमी असू शकते. म्हणून अट अशी हवी:

०.९५म ≥ १५०, म्हणजे म ≥ १५७.८९ (सुमारे)

पाच टक्क्यांच्या प्रमाणित मालिकेत १५० नंतर १६० ओम येतो. तो घ्यायचा. पडताळा: १६० चा सर्वांत कमी रोध १५२ ओम, प्रवाह ३/१५२, सुमारे १९.७ मिलिअँपिअर, चालतो. १५० चा सर्वांत कमी रोध १४२.५ ओम, प्रवाह सुमारे २१.१ मिलिअँपिअर, मर्यादा ओलांडतो. प्रयोगशाळेत असे प्रश्न 'किती' या शब्दाने विचारले जातात, पण त्यांचे खरे रूप 'किमान किती' किंवा 'कमाल किती' असे असते.

९. दोन चले आणि पुढचा रस्ता

३क्ष − २य > ६ या असमानतेचे उत्तर संख्यारेषेचा भाग नसून प्रतलाचा अर्धा भाग आहे. आधी ३क्ष − २य = ६ ही रेषा काढा. ती (२, ०) आणि (०, −३) मधून जाते. बरोबरीचे चिन्ह नसल्याने ती तुटक काढा. मग आरंभबिंदू तपासा: ० > ६ असत्य. म्हणून आरंभबिंदू नसलेली बाजू छायांकित करा. आणखी एक बिंदू, (४, ०), तपासा: १२ > ६ सत्य. य साठी सोडवून −२ ने भागताना चिन्ह विसरले तर नेमकी उलटी बाजू छायांकित होते.

जॉर्ज डँट्झिगने १९४७ साली मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशा अनेक अटींच्या सामाईक क्षेत्रात सर्वोत्तम बिंदू शोधते. अट उलटी लिहिली असेल तरी पद्धत तक्रार करत नाही. दिलेल्या क्षेत्रातले उत्तर ती देते, किंवा तसे उत्तर नाही असे सांगते. अट बरोबर लिहिणे हे आपलेच काम राहते.

१०. सराव

प्रत्येक प्रश्नाखाली तीन ठिकाणचा पडताळा लिहा, मनातल्या मनात नको. चौथ्या आणि आठव्या प्रश्नात सीमाबिंदूंनी होणारा प्रत्येक तुकडा तपासा. चल नाहीसे झाले तर उरलेले विधान सत्य आहे का पाहा: सत्य असेल तर सर्व वास्तव संख्या हे उत्तर, असत्य असेल तर रिक्त संच.

१) ७ − ४क्ष > २३
२) ५(क्ष − २) ≤ ८क्ष + २
३) (क्ष + १)/२ − (२क्ष − १)/३ < १
४) −४ < (३ − क्ष)/२ ≤ ५
५) ३(क्ष − ४) ≥ ३क्ष − १०
६) सत्रात एकूण ८० तासिका आहेत. ५० झाल्या, त्यांपैकी ३३ ना तुम्ही हजर होता. ७५ टक्क्यांसाठी उरलेल्या ३० पैकी जास्तीत जास्त किती चुकवता येतील?
७) पुरवठा ९ व्होल्ट, एलईडीवर २ व्होल्ट, प्रवाहाची मर्यादा २० मिलिअँपिअर, रोधाची सहनमर्यादा ±५ टक्के. ३३०, ३६० आणि ३९० ओमपैकी कोणता रोध घ्याल?
८) ४/(क्ष + १) ≥ २

उत्तरे

१) क्ष < −४
२) क्ष ≥ −४
३) क्ष > −१
४) −७ ≤ क्ष < ११
५) रिक्त संच (−१२ ≥ −१० असत्य)
६) किमान २७ तासिका हजर राहावे लागेल, म्हणून जास्तीत जास्त ३ चुकवता येतील
७) ३९० ओम (म ≥ ३६८.४२ सुमारे, ३६० अपुरा पडतो)
८) −१ < क्ष ≤ १ (क्ष = −१ असताना छेद शून्य होतो, म्हणून तिथे पोकळ वर्तुळ)

तुमचे उत्तर जुळले नाही तर लगेच सगळे खोडू नका. आधी दोन्ही उत्तरांचे सीमाबिंदू पाहा. ते जुळत असतील तर आकडेमोड ठीक आहे, आणि ऋण संख्येने भागलेली ओळ शोधायची आहे. जुळत नसतील तर कंसाचा विस्तार आणि लसाविचा गुणाकार पुन्हा तपासा. चूक कोणत्या ओळीत आहे हे एवढ्यावरून बहुतेक वेळा कळते.